बटण सोड

ओडलॉग बाईंनी पहिल्या दिवशी
कॉफी दिली, खुर्ची दाखवली
आणि म्हणाल्या, "बोलून दाखव."

मी बोलले:
वारा नैऋत्येकडून असून तो संध्याकाळपर्यंत,
म्हणजे साधारण पाचच्या पुढे,
वाढण्याची बरीच शक्यता दिसत असल्यामुळे
सर्व बोटींनी कृपया...

एवढ्यात त्यांची कॉफी पिऊन झाली.
"नैऋत्य. सात. वाढेल," म्हणाल्या
आणि कप विसळायला गेल्या.

नमनालाच घडाभर तेल, हे आमच्या घरचं वळण.
वडील एक हॅलिबट विकायचा तर
त्याच्या सात पिढ्या सांगायचे.
आणि इथे, लोफोटेनच्या टोकाला,
तेल म्हणजे कॉडच्या यकृताचं.
घडाभर जाळलं तर
खोलीत बसवत नाही.

मायक्रोफोनच्या बगलेला एक बटण होतं,
कडा झिजलेलं.
दाबलं की आपण ऐकू जातो.
दाबलेलं असेतो
आपल्याला काहीच ऐकू येत नाही.
शिकायचं ते एवढंच.
मला दोन हिवाळे लागले.

आधी "कृपया" गेलं.
मग "असल्यामुळे".
"खरं तर" मात्र चिवट निघालं,
दारातून हाकललं की खिडकीतून आत.
पुढे पुढे घरच्या पत्रातूनही शब्द गळू लागले
आणि आईने उलट टपाली विचारलं,
बरं नाही का गं तुला?

दुसरा हिवाळा. रात्रीचे सव्वादोन.
चाळीस बोटी बाहेर, हवा बिघडलेली.
इशारा देऊन झाला होता.
संपला होता.
पण वाटलं, काहीतरी मायेचं बोलावं:
जपून या रे सगळे,
घरोघरी दिवे लावून ठेवलेत,
कुणी झोपलेलं नाही...

बटण सोडलं,
तर कुणाच्या तरी हाकेची शेपटी हाती आली:
"...च्या पश्चिमेला."

कशाच्या? पुन्हा सांगा.
खरखर.
पुन्हा सांगा.
खरखर.

बाई नकाशावर वाकल्या.
जगातलं प्रत्येक ठिकाण
कशाच्या ना कशाच्या पश्चिमेलाच असतं.

उजाडताना सापडला ऐविंद, एका खडकावर.
बोट गेली.
आणि डाव्या हाताची दोन बोटं.

मी वहीत लिहिलं:
०२.१७. हाक अर्धी. चूक माझी.
बाईंनी वाचलं,
शेवटचे दोन शब्द खोडले.
"वहीत फक्त ऐकलेलं लिहायचं."
मी रडले, बराच वेळ.
ते मात्र त्यांनी आटपतं घ्यायला लावलं नाही.

एप्रिलात तो धक्क्यावर दिसला.
माझ्या कोटात माफीची तीन पानं होती,
रात्री जागून चाराची तीन केलेली.
ती तशीच राहिली.
म्हणाले, "बटण सोडलं नव्हतं मी."

"हं," तो म्हणाला.
उरलेल्या बोटांनी जाळ्याची गाठ मारत राहिला.
ती सुटली. पुन्हा मारली.
मग म्हणाला,
"दिवे लावलेत म्हणालीस ना,
ते ऐकलं मी, दाबायच्या आधी.
खडकावर तेवढंच होतं माझ्याजवळ."

आता यातला जादा शब्द कुठला?
बाईंना विचारलं.
त्यांनी खांदे उडवले.
त्यांच्या मानाने ते भाषणच.

केंद्राला कुलूप लागून आता वीस वर्षं झाली.
नोंदवह्या कुठे गेल्या, माहीत नाही.
रविवारी भाचीचा फोन येतो, सिन्नोवचा:
नवरा, नोकरी, गळकं छप्पर,
आणि मग छप्पर दुरुस्त करायला आलेल्याचा नवरा-बायकोचा वाद,
सगळं फाट्यांसकट.
मी ऐकते. एखादं वाक्य बोलते,
आणि रिसीव्हरवरचा अंगठा
आपोआप उचलला जातो.

"मावशी? आहेस ना?"

"आहे. बोल."